मरळ: हवेवर जगणारा शिकारी मासा

भीमाकाठ

दौंडजवळ आमच्या शेताला लागून एक जुना पाझर तलाव आहे. पक्षी पाहावेत म्हणून काही वर्षांपूर्वी मी तिथे सकाळी बसू लागलो आणि पाहता पाहता माझे लक्ष पक्ष्यांवरून एका माशाकडे वळले. पाणवनस्पतींच्या दाटीत हातभर मोकळी जागा असते, तिथे एक रुंद तोंड क्षणभर पाण्याबाहेर येते, 'टप्प' असा आवाज होतो आणि वर्तुळे तेवढी मागे राहतात. ही मरळ. तिच्या पाककृती मराठीत भरपूर सापडतात, पण तिच्या जगण्याविषयी सलग लिहिलेले फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

मरळ समजून घ्यायची तर तिच्या श्वासापासून सुरुवात करावी, असे माझे मत झाले आहे. तिची शिकार, तिचे पालकत्व, बाजारातील तिचा भाव आणि पुष्कळदा तिचे मरणही या एका गोष्टीशी बांधलेले आहे. बहुतेक मासे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात आणि हा साठा मुळातच तुटपुंजा असतो. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पाणी ३० अंशांपर्यंत तापले की तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो, आणि वैशाखात कुजक्या पाल्याने भरलेल्या उथळ तळ्यात पहाटेपर्यंत त्यातलाही बराचसा संपलेला असतो. मरळीने यावर हवेचा मार्ग काढला आहे. कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या दोन्ही बाजूंना तिला एकेक पोकळी असते. त्या पोकळीत सूक्ष्म रक्तवाहिन्यांनी भरलेले पातळ आवरण असते आणि तोंडाने घेतलेला हवेचा घोट तिथे साठवून ती त्यातला प्राणवायू रक्तात घेते. वर आल्यावर आधी जुनी हवा सोडावी लागते. कल्ल्यांच्या बाजूने पाणी उलटे पोकळीत शिरते, त्याच्या रेट्याने ती हवा तोंडावाटे बाहेर पडते आणि मग नवा घोट घेतला जातो. हे सगळे आपली पापणी लवेपर्यंत उरकते. कार्बन डायऑक्साइड मात्र बहुतांशी कल्ल्यांतून पाण्यातच जातो, म्हणजे पाण्याशी तिचे नाते पूर्ण तुटलेले नाही.

पूर्ण वाढलेल्या मरळीला केवळ कल्ल्यांवर भागवता येत नाही. जाळ्यात अडकून ती बराच वेळ पाण्याखाली राहिली, तर चांगल्या पाण्यातही गुदमरून मरते. मासा पाण्यात बुडून मरतो हे मला प्रथम कोणी सांगितले तेव्हा ती थट्टा वाटली होती.

शिकारीची पद्धत या श्वासाला साजेशी आहे. दूरवर पाठलाग करणे तिला मानवत नाही. लव्हाळ्याच्या मुळाशी किंवा बुडालेल्या फांदीखाली ती लाकडाच्या ओंडक्यासारखी स्थिर पडून राहते. पाण्यात प्राणवायू कमी झाल्यावर इतर मासे सुस्तावतात, वर येऊन धापा टाकतात, आणि मरळ मात्र आपला घोट घेऊन ताजीतवानी असते. सावज टप्प्यात आले की अंग किंचित वाकवून ती एका झेपेत पुढे जाते. जबडे मोठे आहेत, खालच्या जबड्यात सुळ्यांसारखे दात आहेत आणि टाळूवरही दात असल्याने एकदा धरलेले सावज सहसा सुटत नाही. पिल्लू असताना ती पाण्यातले सूक्ष्म प्राणी खाते, नंतर किडे, झिंगे आणि बेडकांची पिल्ले, आणि मोठी झाल्यावर मासे व बेडूक. फार मोठी मरळ क्वचित उंदीर किंवा बदकाचे पिल्लूही गिळते.

अडचण अशी, की दर काही मिनिटांनी वर येणे तिला चुकत नाही. आमच्याकडचे भोई पाण्यात मासा दिसण्याची वाट पाहत नाहीत. एकाच जागी दोनदा 'टप्प' झाले, की बेडूक लावलेला गळ तिथे अलगद सोडतात.

विणीचा काळ पावसाळ्याच्या आगेमागे असतो. जोडी उथळ पाण्यातले गवत तोंडाने बाजूला करून थाळीएवढी मोकळी जागा तयार करते. अंड्यात तेलाचा थेंब असल्याने ती तरंगतात; मधाच्या रंगाचा पातळ थर पाण्यावर पसरावा तशी दिसतात. एक-दीड दिवसात पिल्ले बाहेर पडतात, लवकरच नारिंगी-तांबूस होतात आणि शेकडोंच्या संख्येने चेंडूसारखा घोळका करून फिरतात. खाली आईबाप, विशेषतः नर, पहारा देत असतो. घोळक्यातली पिल्ले आळीपाळीने हवा घ्यायला वर येऊ लागली, की स्वच्छ उन्हात तेवढ्याच जागी पाऊस पडत असल्यासारखे वाटते. मोठेपणी स्वतःच्याच जातीची पिल्ले खाणारा हा मासा या काळात घोळक्याजवळ आलेल्या माणसाच्या पायावरही धडक मारतो.

आपापल्या भागात मरळ कशी आहे, कोणत्या नावाने ओळखली जाते आणि तिच्याबद्दल काय पाहिले आहे, ते कृपया सविस्तर लिहावे.

देवधान

उत्तम धागा. मी भंडारा जिल्ह्यातला आहे. आमच्याकडे माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातले) तलाव, म्हणजे बोलीभाषेतले 'मामा तलाव', शेकड्यांनी आहेत आणि त्यांतली मासेमारी प्रामुख्याने ढिवर समाजाकडे आहे. या तलावांची रचना मरळीसाठीच केली आहे की काय, असे वाटावे इतकी ती तिला सोयीची असते. पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, बाजूला खोल पाणी, आणि समोरच्या अंगाला हळूहळू चढत जाणारा उथळ पसारा, ज्यात देवधान (रानभात), कमळ आणि नाना प्रकारचे गवत उगवते. मरळ राहते खोलात आणि वीण घालते त्या उथळ पसाऱ्यात.

म्हणूनच मला आपल्या लेखात एका गोष्टीची भर घालावीशी वाटते. तलावातली मरळ कमी झाली की लोक अतिमासेमारीला दोष देतात. तो खोटा नाही, पण उथळ कड नाहीशी होणे हे कारण माझ्या मते अधिक मोठे आहे. गाळ काढताना यंत्राने काठ सरळ उभा कापला, की पाणी जास्त साठते हे खरे, परंतु गवत उगवण्याजोगी गुडघाभर पाण्याची जागा उरत नाही. दुसऱ्या बाजूने बेशरमची झुडपे वाढतात आणि होती ती जागाही अडवून टाकतात. जिथे ही झुडपे मुळासकट काढून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या गेल्या, तिथे देशी मासे परतल्याचे आमच्या भागातील ढिवरांनी पाहिले आहे.

आणखी एक जुनी गोष्ट. रोहू-कटल्याचे बीज सोडण्यापूर्वी संवर्धन तळ्यातले सगळे शिकारी मासे मारून टाकावेत, हा मत्स्यशेतीचा पहिला धडा असतो आणि त्यासाठी मोहाची पेंड वापरतात. एक मीटर खोलीच्या पाण्याला हेक्टरी सुमारे २,५०० किलो असे प्रमाण सांगितले जाते. पेंडीतील सॅपोनिन माशांच्या तांबड्या रक्तपेशी फोडते, म्हणजे हवेवर जगण्याची युक्ती इथे निरुपयोगी ठरते. विष ओसरल्यावर तीच पेंड खताचे काम करते. ज्या मोहाच्या झाडावर आमचे अर्धे जंगल जगते, त्याच झाडाने मरळीला तळ्यातून हुसकावले, ही गंमत म्हणावी की आणखी काही, ते मला ठरवता आलेले नाही.

पाणकोंबडी

माझ्या दोन शंका आहेत. मरळ, फुलमरळ, डाकू, ढोक ही सगळी एकाच माशाची नावे आहेत की वेगवेगळ्या माशांची? आणि महाराष्ट्रात ३० किलोची मरळ मिळाल्याची नोंद पुस्तकांत सांगितली जाते, ती विश्वासार्ह मानावी काय?

भीमाकाठ

पाणकोंबडी, नावांचा गोंधळ खरोखरच मोठा आहे, कारण एकाच नावाने दोन तालुक्यांत दोन मासे ओळखले जातात. महाराष्ट्रात साधारण चार जाती लक्षात ठेवल्या तर पुरेसे होते, आणि चारही 'चन्ना' या प्रजातीतल्या आहेत. (चण्याशी संबंध नाही.)

बाजारात सर्वाधिक दिसते ती चन्ना स्ट्रायाटा. पाठ काळपट, पोट पांढरट आणि कडेने तिरपे पट्टे. जर्मन अभ्यासक ब्लॉख याने १७९३ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. दुसरी चन्ना मारुलियस, सर्वांत मोठी. शेपटीच्या मुळाशी नारिंगी कडा असलेला काळा डोळा आणि अंगावर मोत्यासारखे पांढरे ठिपके ही तिची खूण. फुलमरळ हे नाव बहुधा हिलाच लावलेले ऐकले आहे. तिसरी चन्ना पंक्टाटा, वीतभर किंवा थोडी मोठी, आणि चौथी चन्ना गाचुआ, सर्वांत लहान, जिच्या परांना निळसर आणि नारिंगी किनार असते. डाकू आणि ढोक ही नावे या शेवटच्या दोघींना, आणि काही ठिकाणी स्ट्रायाटाच्या पिल्लांनाही, सर्रास दिली जातात. रंगावर विसंबू नये, कारण पाणी बदलले की तो बदलतो. शंका असल्यास अंगाच्या मधल्या रेषेवरचे खवले मोजावेत: मारुलियसमध्ये ते साधारण ६० ते ७०, स्ट्रायाटामध्ये ५० ते ५७ आणि पंक्टाटामध्ये ३७ ते ४० भरतात. चौघींच्याही डोक्यावर सापासारखे मोठे खवले असतात आणि पाठीवरचा पर मानेपासून शेपटीपर्यंत लांबच लांब, पण काट्यांशिवाय असतो.

मारुलियस हे नाव मराठी माणसाला ओळखीचे वाटते, ते योगायोगाने नव्हे. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याने स्थानिक नावांनाच लॅटिन शेपूट जोडण्याची पद्धत ठेवली होती. पुढे कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन करताना पांढऱ्या ठिपक्यांच्या मरळीला स्वतंत्र जात मानून 'ल्युकोपंक्टाटस' असे नाव दिले. आज ते नाव मारुलियसमध्येच विलीन केले जाते.

३० किलोविषयी: १८० सेंटिमीटर लांबी आणि ३० किलो वजन ही महाराष्ट्रातील नोंद मत्स्यशास्त्राच्या प्रमाण ग्रंथांतून पुढे पुढे उद्धृत होत आली आहे. मी स्वतः आठ किलोच्या वरची मरळ पाहिलेली नाही. मोठी धरणे नवी होती, पाणी स्वच्छ होते आणि नायलॉनची जाळी नव्हती, त्या काळी मासे मोठे होत असणार हे मान्य. तरीही माणसाच्या उंचीची मरळ डोळ्यांसमोर आणणे मला जड जाते.

वळगण

रायगडमधून लिहीत आहे. पहिल्या जोरदार पावसानंतर ओढ्यांना लोंढा येतो, शेते भरतात आणि मासे प्रवाहाच्या उलट दिशेने उथळ पाण्याकडे चढू लागतात. यालाच आमच्याकडे वळगण म्हणतात आणि दक्षिणेकडे चढणीचे मासे. मळे, शिंगट्या यांच्याबरोबर डाकूही भाताच्या खाचरांत शिरतो. बांधावरून पाणी सांडते त्या जागी बांबूचा सापळा लावून ठेवला, की रात्रीत भरतो. कंदील किंवा विजेरी घेऊन खाचरांत फिरणारी माणसे ही आमच्या लहानपणच्या जून महिन्याची ओळख होती.

हवा घेणाऱ्या माशांना याचा फायदा असा, की दोन खाचरांमधल्या ओल्या बांधावरून ते सरपटत पलीकडे जाऊ शकतात. हे 'चालणे' पुष्कळदा वाढवून सांगितले जाते. मी पाहिलेला डाकू वळवळत, लोळत, दोन-तीन हात अंतर कापत होता, तेही पाऊस चालू असताना. कातडी ओली असेपर्यंतच त्याची ही मिजास असते.

दोन गोष्टी आवर्जून नोंदवतो. पहिली, वर 'थाळीएवढ्या घरट्या'चे वर्णन आले आहे, ते चन्ना गाचुआला लागू पडत नाही. हा लहान डाकू तोंडात अंडी सांभाळतो. नर अंडी गोळा करून तोंडात धरतो आणि पिल्ले निघाल्यावरही काही काळ तिथेच आसरा देतो. वाहत्या ओढ्यात राहणाऱ्या माशाला तरंगती अंडी परवडणार नाहीत, ती वाहूनच जातील, असे याचे कारण मला वाटते. दुसरी गोष्ट, वळगणीला चढणारी मादी बहुधा गाभोळीने भरलेली असते. पूर्वी घरापुरते मासे धरले जात आणि पाऊस चार दिवस थांबला नाही तर सापळेही वाहून जात, त्यामुळे निम्मे मासे आपोआप सुटत. आता बारीक आसाचे जाळे ओढ्याच्या काठापासून काठापर्यंत लावले जाते आणि त्यातून काहीच सुटत नाही. वळगण बंद करा असे मी म्हणणार नाही, मला स्वतःला ते मासे आवडतात. पण ओढ्याचा निम्मा भाग मोकळा ठेवणे अशक्य नाही.

पोटोमॅककर

मी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात राहतो, आणि आपल्या मरळीच्या भावंडाने इथे जो गोंधळ उडवला त्याची हकिकत या धाग्यात यायला हवी. २००२ च्या उन्हाळ्यात क्रॉफ्टन या गावातल्या एका लहान तळ्यात चन्ना आर्गस, म्हणजे चीन-रशियाकडची उत्तरी मरळ, एका गळवाल्याला मिळाली. चौकशीअंती असे समजले, की एका गृहस्थाने आजारी बहिणीसाठी सूप करावे म्हणून न्यूयॉर्कच्या बाजारातून जिवंत मासे आणले होते, ती बरी झाल्यामुळे ते घरी पाळले आणि मोठे झाल्यावर तळ्यात सोडून दिले. वर्तमानपत्रांनी 'फ्रँकनफिश' असे नाव ठेवले आणि जमिनीवरून चालत गावात शिरणाऱ्या राक्षसाच्या कथा पसरल्या. सप्टेंबरमध्ये तळ्यात रोटेनोन हे विष घालण्यात आले, तेव्हा सहा प्रौढ मासे आणि हजाराहून अधिक पिल्ले मिळाली. ऑक्टोबर २००२ मध्ये या संपूर्ण कुळाच्या जिवंत माशांच्या आयातीवर आणि आंतरराज्य वाहतुकीवर केंद्र सरकारने बंदी घातली. एवढे करूनही २००४ मध्ये पोटोमॅक नदीत हा मासा आढळलाच आणि आता तो इथे कायमचा झाला आहे.

भीमाकाठ यांनी श्वासाला जे महत्त्व दिले आहे, त्याला इथे एक वेगळी बाजू आहे. ही उत्तरी जात गोठलेल्या तळ्यातही तग धरते. थंडीत तिच्या शरीराची गरजच इतकी घटते, की बर्फाखाली हवा न घेता तिला राहता येते. भारतातल्या मरळी इथल्या हिवाळ्यात जगणार नाहीत. फ्लोरिडात मात्र हवा उबदार आहे आणि तिथल्या ब्रॉवर्ड परगण्यातील कालव्यांत २००० साली जो मासा सापडला, तो बरीच वर्षे चन्ना मारुलियस म्हणूनच नोंदला जात होता. नंतरच्या अभ्यासाने तो आग्नेय आशियातला, चन्ना ऑरोलिनियाटा नावाचा वेगळा मासा असल्याचे दाखवले, म्हणजे तो आरोप आपल्या फुलमरळीवरून निघाला.

मेरीलँडने अलीकडे सूर बदलला आहे. लोकांनी हा मासा पकडून खावा म्हणून २०२४ मध्ये राज्याने त्याचे नाव बदलून 'चेसापीक चन्ना' असे ठेवले. आमच्याकडे रविवारी त्याचे कालवण होते. चवीत उणे काढण्यासारखे काही नाही, पण सौभाग्यवतींच्या मते गावाकडच्या मरळीची सर त्याला नाही.

शेततळे

सगळ्यांनी मरळीचे इतके कौतुक केले आहे, की दुसरी बाजू मांडणे मला भाग आहे. माझे सोलापूर जिल्ह्यात शेततळे आहे. तीन वर्षांपूर्वी मी रोहू आणि मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्ले, सोडली होती. ओढ्यातून पाणी घेताना जाळी नीट बसवली नव्हती, ही चूक माझीच. मरळीची काही पिल्ले आत आली असणार. वर्षअखेरीस तळे उपसले, तेव्हा सोडलेल्या बीजाच्या मानाने मूठभर मासे निघाले आणि तळाशी चिखलात पाच धष्टपुष्ट मरळी बसलेल्या होत्या. ज्याचा पैसा पाण्यात आहे, त्याने तिला शत्रू मानले तर त्यात नवल नाही.

पुढच्या वर्षी मी उलटा विचार केला आणि मरळच पाळायचे ठरवले. तिचा भाव रोहूच्या दुप्पट-अडीचपट मिळतो, आणि त्याचे कारण पुन्हा तेच: ती जिवंत विकता येते. टोपात चार बोटे पाणी असले तरी दिवसभर टिकते, गिऱ्हाइकासमोर कापली जाते, मासा ताजा आहे की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय काटे कमी. परंतु पाळणे कठीण आहे. संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन वीण घेता येते, पिल्लेही भरपूर निघतात; खरी कसोटी त्यानंतर लागते. आठवडाभरात काही पिल्ले झपाट्याने वाढतात आणि मागे पडलेल्या भावंडांना गिळू लागतात. दर काही दिवसांनी चाळणीने आकारानुसार वेगळी करत राहावे लागते. कोरड्या खाद्याची सवय पिल्लू असतानाच लावली तर लागते; पुढे ते जिवंत भक्ष्यच मागते. तळ्याभोवती जाळीचे कुंपण हवे, नाहीतर पावसाळी रात्री मासे निघून जातात. माझे पहिले वर्ष तोट्यात गेले, दुसऱ्या वर्षी खर्च निघाला.

एक उपयोग मात्र निर्विवाद सापडला. चिलापी (तिलापिया) तळ्यात शिरली की तिची पिलावळ आवरत नाही आणि सगळी खुरटी राहते. त्या तळ्यात मोजक्या मरळी सोडल्या, तर पिल्लांचा बंदोबस्त होतो आणि उरलेली चिलापी विकण्याजोगी वाढते.

पाणकोंबडी

शेततळे, आपल्या मरळी चिखलात बसल्या होत्या यावरून विचारते. तळे पूर्ण आटले तर त्या खरोखरच जमिनीत राहतात काय? माझ्या आजोबांनी कोरड्या तळ्यात कुदळ मारताना जिवंत मासा निघाल्याचे सांगितले होते आणि आम्ही कोणी विश्वास ठेवला नव्हता.

भीमाकाठ

आजोबांची माफी मागायला हवी. स्ट्रायाटा पाणी आटू लागले की मऊ चिखलात शिरते आणि कातडी व हवेची पोकळी ओलसर राहील तोवर, अंगातल्या चरबीवर, पाण्याशिवाय तग धरते. वरचा थर भेगाळला तरी खाली ओल असते. चिखल पार वाळून टणक झाला, तर मात्र सुटका नाही. शिवाय कार्बन डायऑक्साइड सोडायला पाणी लागते हे वर आलेच आहे, त्यामुळे ही अवस्था आरामाची नसून निभावण्याची असते.

वरालप्रेमी

नोकरीनिमित्त केरळात असतो. इथे मरळीला वराल म्हणतात. या कुळातली अलीकडच्या काळातली सर्वांत विलक्षण घटना इथलीच आहे. २०१८ च्या महापुरानंतर मलप्पुरम जिल्ह्यातील एका भातखाचरात एक सडसडीत, लांबुडका, तांबूस मासा मिळाला. तो भूजलात राहणारा निघाला. पुराचे पाणी वर आले तेव्हा तोही वर आला असावा. २०१९ मध्ये त्याचे 'एनिग्माचन्ना गोलम' असे नामकरण झाले आणि २०२० मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र कुळच स्थापण्यात आले. या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की त्याला कल्ल्यांवरची हवेची पोकळी नाही. जांभ्याखालच्या भूजलात राहणाऱ्या माशाला हवेचा घोट घ्यायला पृष्ठभाग तरी कुठून मिळणार!

केरळातलीच दुसरी मरळ, चन्ना डिप्लोग्रामा, हिचे वर्णन फ्रान्सिस डे याने १८६५ मध्ये पिल्लांवरून केले होते. नंतर ती दुसऱ्याच जातीत जमा केली गेली आणि २०११ मध्ये जनुकीय पुराव्यावर तिला स्वतःचे नाव परत मिळाले. तिच्या पिल्लांच्या अंगावर दोन काळे पट्टे असतात, जे मोठेपणी नाहीसे होतात.

देवधान

रोगाचा उल्लेख अजून झाला नाही म्हणून लिहितो. १९८८ मध्ये बांगलादेशच्या बाजूने ईशान्य भारतात माशांचा व्रणरोग शिरला आणि पुढच्या काही वर्षांत देशभर पसरला. ॲफॅनोमायसीस इन्व्हाडन्स हा बुरशीसारखा जीव त्याला कारणीभूत असतो. पावसाळा संपून पाणी थंड होऊ लागले, की अंगावर लाल चट्टे आणि मग खोल जखमा होतात, काही माशांचे स्नायू हाडापर्यंत सडतात. मरळ आणि डाकू यांना या रोगाने सर्वाधिक झोडपले. चुना टाकणे हा प्रचलित उपाय आहे, आणि भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने 'सीफॅक्स' हे औषधही काढले. पण औषध तळ्यात घालता येते, शेकडो एकरांच्या तलावात किंवा नदीत नाही. आमच्याकडची वडीलधारी माणसे मरळीच्या घटीची सुरुवात या 'लाल रोगा'पासून मोजतात.

गोदातीर

नांदेडहून एक छोटीशी भर. आमच्या सीमेपलीकडे तेलंगणात मरळीला कोर्रमीनु म्हणतात आणि तो त्यांचा राज्यमासा आहे. आपल्या राज्याने २०२३ मध्ये पापलेटची निवड केली, तेव्हा किनारा जिंकला आणि मराठवाडा-विदर्भ हरला, असे आम्ही गमतीने म्हणालो होतो. हैदराबादेत जूनमध्ये, मृग लागताना, दम्यासाठी औषध भरलेले मरळीचे जिवंत पिल्लू गिळण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. तिचा गुण येतो याला शास्त्रीय पुरावा नाही, पण दर वर्षी हजारो लोक रांग लावतात. जखम भरून यावी म्हणून बाळंतिणीला किंवा शस्त्रक्रिया झालेल्याला मरळीचे सूप देण्याची रीत आपल्याकडे आहे, तशीच ती मलेशियातही आहे, आणि तिथे या माशाच्या अर्कावर बरेच संशोधन झाले आहे.

भीमाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. देवधान यांचा उथळ कडेविषयीचा मुद्दा वाचून मी काल आमच्या तलावाला पूर्ण फेरी मारली. तीन बाजू गेल्या उन्हाळ्यात उभ्या कापल्या गेल्या आहेत. चौथ्या बाजूला एक बाभूळ कोसळून पाण्यात पडली होती, म्हणून यंत्र तिथवर गेले नाही. लव्हाळा आहे तो तेवढ्याच पन्नास-साठ पावलांच्या पट्ट्यात.

आज सकाळी त्या बाभळीपाशी घड्याळ घेऊन बसलो. एकच मरळ असावी, कारण वर येण्याची जागा जवळपास तीच होती. सहा मिनिटे, नऊ मिनिटे, पुन्हा सहा, मग चार. चार मिनिटांनी ती वर आली तेव्हा शेजारी पाण्यावर बारीक थेंब पडल्यासारखे झाले. मी वर पाहिले तर आभाळ कोरडे होते. वळगण यांना सांगायचे म्हणजे, गळ टाकायला आलेल्या दोन मुलांना मी तो नारिंगी घोळका दाखवला. ती दोघे गळ गुंडाळून तिथेच बसली आणि दर वेळी 'टप्प' झाले की मोठ्याने मिनिटे मोजू लागली, त्यामुळे पुढची नोंद काही मला घेता आली नाही.